झाकण लावलं की नेटवर्क जायचं

आजचा भाग मी रिद्धपूरहून, घराच्या वरच्या खोलीतून रेकॉर्ड करतोय. मागे जो आवाज येतोय तो कूलरचा. तो बंद केला तर मी दहा मिनिटंही बोलू शकणार नाही, त्यामुळे तेवढं सांभाळून घ्या.

मागे एकदा मी बोलता बोलता म्हणालो होतो की घरी कोठीत मोबाईलचं नेटवर्क चालवतो. त्यावर खूप जणांनी विचारलं की हे नेमकं काय प्रकरण आहे. तर आज ते सगळं सांगतो, चुकांसकट. चुकाच जास्त आहेत.

आधी हे कशासाठी केलं ते. रिद्धपूर म्हणजे मोर्शी तालुका, संत्र्याचा पट्टा. बाहेरच्यांना आमचं गाव महानुभावांचं म्हणून माहीत असतं, लीळाचरित्रामुळे, आणि आता मराठी भाषा विद्यापीठामुळे. पण गावात राहणाऱ्याचा दिवस ठरतो थ्री फेज लाईनच्या पाळीवर. आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रीच्या पाळीला विहिरीवर जाऊन मोटर सुरू करावी लागू नये म्हणून लोकांनी मोबाईल स्टार्टर लावलेत. पेटीत एक सिमकार्ड असतं. घरून मिस्ड कॉल द्यायचा किंवा मेसेज करायचा, मोटर सुरू.

मी पुण्यात ज्या छोट्या कंपनीत काम करतो ती असेच स्टार्टर बनवते. बाबांच्या शेतात आमच्याच कंपनीचा होता, मीच आणून लावलेला. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका रात्री लाईन आली, स्टार्टर उत्तर देईना. बाबा बॅटरी घेऊन निघाले आणि पाटाच्या काठावरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. सकाळपर्यंत कोणाला पत्ता नाही.

आता यातला मला टोचणारा भाग. त्या स्टार्टरच्या फर्मवेअरमध्ये नेटवर्क सांभाळणारी जी फाईल आहे, ती मी लिहिली होती. नोकरीला लागल्यावरचं पहिलं काम. सकाळी शेतात जाऊन पाहिलं तर पेटीवरचा दिवा चालू, सिम ठीक, टॉवरची रेंज पूर्ण, आणि पेटी मात्र मख्ख. बॅटरीची वायर काढून परत लावली, लगेच चालू झाली. म्हणजे बिघाड गेला आणि पुरावाही गेला.

पुण्यात टेबलावर ती पेटी कधीच अडकली नाही. पुण्यातल्या टॉवरला मी सांगू शकत नव्हतो की बाबा, जरा दोन मिनिटं बंद पड, मग चालू हो, मग माझ्या पेटीला नकार दे. त्यासाठी टॉवर आपल्या हातात पाहिजे. आणि तसा टॉवर आज मुक्त सॉफ्टवेअरमधून उभा करता येतो. ओपनबीटीएस आणि ऑस्मोकॉम हे त्यातले जुने प्रकल्प. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात तालेआ दे कास्त्रो या डोंगरातल्या गावाने २०१३ मध्ये असल्याच सॉफ्टवेअरवर स्वतःचं मोबाईल नेटवर्क सुरू केलं होतं, कारण कंपन्या तिथे यायला तयार नव्हत्या. आपल्याकडे ते तसं करता येत नाही. मोबाईलच्या बँडमध्ये परवान्याशिवाय प्रसारण करणं हा गुन्हा आहे, आणि शेजाऱ्याच्या फोनचं नेटवर्क बिघडवणं हे तसंही वाईटच. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांना इंटरनेट दिलं ते टीव्हीच्या यूएचएफ बँडमधल्या रिकाम्या जागेतून, मोबाईलच्या बँडमधून नाही. आमच्या कंपनीने दूरसंचार विभागाकडून प्रयोगाचा परवाना घेतला, लहर बाहेर न सोडण्याच्या अटीवर. बाबांना सोडून मला पुण्याला राहता येत नव्हतं म्हणून परवान्यावर पत्ता आमच्या घराचा. आमच्या मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, पावसाळ्याआधी हे चाललं पाहिजे, नाहीतर पुण्याला परत ये किंवा दुसरं काही बघ. त्यांचंही चूक नव्हतं, चार जणांची कंपनी आहे.

तर मांडणी अशी. एक सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओचा बोर्ड. म्हणजे असा रेडिओ की ज्याला स्वतःची अक्कल जवळपास नाही. कॉम्प्युटरकडून आकडे घेतो, त्यांची लहर करतो. आलेल्या लहरीचे आकडे करून परत देतो. जीएसएम काय, एलटीई काय, ते सगळं कॉम्प्युटरमध्ये ठरतं. माझा बोर्ड नावाजलेल्या बोर्डाच्या नकाशावरून कोणीतरी स्वस्तात बनवलेला होता, आणि तोही एका मित्राकडून उसना. बोर्ड ठेवला ज्वारीच्या जुन्या पत्र्याच्या कोठीत. सांध्यांना तांब्याची पट्टी चिकटवली, केबल बाहेर काढायला पत्र्यात कनेक्टर बसवले. स्टार्टरमधला मॉडेम दुसऱ्या डब्यात, आणि दोघांमध्ये अँटेना नाही, थेट केबल. मॉडेमला वाटतं मी टॉवरशी बोलतोय, खरं तर तो दीड मीटर वायरीशी बोलतोय.

इथे माझी पहिली चूक, आणि ती भीतीदायक आहे. केबलने जोडताना मध्ये अ‍ॅटेन्युएटर लावायचा असतो, म्हणजे सिग्नल मुद्दाम मारणारा तुकडा. बोर्डाचं ट्रान्समिट त्याच्याच रिसीव्हला जोडून चाचणी करताना ३० डीबीचा लावतात, ते वाचून मीही ३० चा लावला. पण माझ्या दुसऱ्या टोकाला बोर्ड नव्हता, जीएसएमचा मॉडेम होता. ९०० च्या बँडमध्ये तो पूर्ण ताकदीने बोलला तर २ वॅट, म्हणजे ३३ डीबीएम. ३३ मधून ३० गेले, उरले ३. माझ्या बोर्डाच्या कागदावर रिसीव्हरची मर्यादा लिहिलेली होती उणे १५. हा हिशोब मी केला नवव्या दिवशी, रात्री जेवताना, आणि घास तसाच राहिला. उसना बोर्ड! किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी.

तो जळला नव्हता. कसा वाचला ते ऐका. मॉडेमला नेटवर्क दिसल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. आधी ऐकतो, टॉवरची खूण ओळखतो, मगच बोलतो. आणि त्या नऊ दिवसांत माझं नेटवर्क त्याला एकदाही दिसलंच नव्हतं. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून जास्त वॅटचे अ‍ॅटेन्युएटर मागवले, एकूण ६० डीबी केले, शिवाय सेटिंगमध्ये मॉडेमला सांगून ठेवलं की हळू आवाजात बोल.

आता नेटवर्क दिसत का नव्हतं? याची दोन कारणं निघाली, एकावर एक रचलेली. त्यामुळे एक काढलं तरी काही सुधारल्यासारखं दिसायचं नाही.

पहिलं कारण म्हणजे सॉफ्टवेअर दर थोड्या वेळाने मरायचं. ऑस्मोकॉममध्ये एक प्रोग्रॅम रेडिओशी बोलतो आणि दुसरा बेस स्टेशनचं काम करतो. पहिला साधारण दर सेकंदाला दुसऱ्याला वेळ सांगतो. ती वेळ आली नाही की दुसरा लिहितो, 'नो मोअर क्लॉक फ्रॉम ट्रान्सिव्हर', आणि बंद पडतो. बोर्डाचा ड्रायव्हर मधूनमधून स्क्रीनवर नुसती अक्षरं टाकतो. यू म्हणजे पाठवायचे आकडे वेळेत पोचले नाहीत, ओ म्हणजे आलेले उचलले नाहीत, एल म्हणजे उशीर झाला. सकळ लिपीत पोथ्या लिहून ठेवणाऱ्यांच्या गावात बसून मी रात्रभर यू, यू, एल, यू वाचत होतो.

मी समजलो यूएसबीचा वेग कमी पडतोय. तीन केबल विकत घेतल्या. मग कागदावर हिशोब केला, जो आधी करायला हवा होता. जीएसएमचा दर सेकंदाला २,७०,८३३ चिन्हं. प्रत्येक चिन्हाचे ४ नमुने, म्हणजे साधारण १०.८ लाख नमुने. एका नमुन्याला ४ बाइट. झाले सव्वाचार मेगाबाइटच्या आसपास. एवढं तर जुनं यूएसबी २ सुद्धा सहज उचलतं. वेगाचा प्रश्नच नव्हता, वक्तशीरपणाचा होता. जीएसएमची फ्रेम ४.६१५ मिलिसेकंदांची, तिच्यात आठ खाने, एक खाना ५७७ मायक्रोसेकंदांचा. आकडे सरासरीने वेळेत पोचून उपयोग नाही, प्रत्येक वेळी पोचले पाहिजेत. एसटी महिन्याच्या सरासरीने वेळेवर असते, पण आपली गाडी चुकायची ती चुकतेच, तसं.

मग एक वही घेतली आणि प्रोग्रॅम कधी मेला ती वेळ लिहायला लागलो. चौथ्या दिवशी वही पाहताना लक्षात आलं की या वेळा मला ओळखीच्या आहेत. लाईट जायच्या वेळा. घराला इन्व्हर्टर आहे, पण वरच्या खोलीचा प्लग त्यावर नाही. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जायचा, आणि बॅटरीवर गेला की मुकाट्याने बचत सुरू करायचा. प्रोसेसर मंद, यूएसबीला डुलकी. बोर्ड त्याच यूएसबीवर जगतो. बचतीची सगळी सेटिंग बंद केली, प्रोसेसर कायम पूर्ण वेगावर ठेवला, रेडिओच्या प्रोग्रॅमला सगळ्यांच्या पुढे उभं राहायची परवानगी दिली. त्या रात्री प्रोग्रॅम सहा तास चालला. एकही यू नाही.

आणि पहाटे साडेपाचला मॉडेमने नेटवर्क पकडलं! ००१-०१, चाचणीसाठी राखून ठेवलेला क्रमांक. मी खाली जाऊन आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. चहा ठेव मंग."

दुपारी एक वाजता नेटवर्क गेलं.

प्रोग्रॅम चालू, यू नाही, एल नाही, सगळे दिवे हिरवे. मॉडेम म्हणतो नेटवर्क नाही. कोठीचं झाकण उघडलं, केबल हलवून पाहिल्या, पंधरा मिनिटांत नेटवर्क परत. झाकण लावलं, पाऊण तासाने गेलं. मी दोन दिवस या झाकणाच्या मागे होतो. आत लहरी उसळत असतील, पत्रा केबलला टेकत असेल, बोर्ड तेव्हाच अर्धवट जळला असेल आणि आता मरत असेल. शेवटची शंका सर्वात वाईट, कारण ती मित्राला फोन करून सांगावी लागणार होती. रिसीव्हरला काहीही न जोडता नुसता गोंगाट मोजला, पहिल्या दिवशी मोजला होता तेवढाच निघाला, म्हणून फोन एक दिवस पुढे ढकलला.

जेवताना मी कुरकुर करत होतो की हे दुपारीच कसं बंद पडतं. आई म्हणाली, "काऊन नाही पडन? मे महिना हाये. दुपारी त माणूस बंद पडते, तुह्यी ते पेटी का घेऊन बसला."

तिने हे थट्टेत म्हटलं. आणि मला एकदम कळलं, असं काही झालं नाही. मी उलट म्हणालो की इलेक्ट्रॉनिक्सला ४५ अंश काही वाटत नाही. संध्याकाळी कोठीत हात घातला तेव्हा बोर्डाला बोट लावता येईना. ४५ अंश खोलीचे होते, वर पत्र्याचं छत. कोठी बंद, वाऱ्याला जागा नाही, आत बोर्ड स्वतः तापतोय.

तापल्याने बिघडतं काय? घड्याळ. प्रत्येक रेडिओत एक स्फटिक कंप पावत असतो, त्यावरून सगळ्या फ्रिक्वेन्सी बनतात. तो तापला की चाल बदलतो. चांगल्या ऑसिलेटरमध्ये तापमान बदललं तरी चाल सावरायची सोय असते, तीसुद्धा एका मर्यादेपर्यंत. जीएसएमच्या नियमाप्रमाणे टॉवरची फ्रिक्वेन्सी दहा लाखांत ०.०५ भागापेक्षा जास्त चुकता कामा नये. ९४५ मेगाहर्ट्झवर ही चूक होते जेमतेम ४७ हर्ट्झ. माझ्या बोर्डाच्या कागदावर लिहिलं होतं दहा लाखांत २. तेवढ्यावर मॉडेम कसंबसं चालवून घेतो.

मोजायचं कसं? महागडं यंत्र माझ्याकडे नव्हतं. टीव्हीचा दीड-दोन हजारांचा यूएसबी डोंगल होता, आणि कॅलिब्रेट नावाचा मुक्त प्रोग्रॅम. जीएसएमचा प्रत्येक टॉवर मधूनमधून एक शुद्ध सूर सोडतो, मुख्य फ्रिक्वेन्सीच्या ६७.७ किलोहर्ट्झ वर. फोन तोच सूर ऐकून स्वतःला लावून घेतात. हा प्रोग्रॅम तो सूर ऐकून सांगतो की तुमचा डोंगल किती बेसूर आहे. गावाबाहेरचा खरा टॉवर अचूक, हे गृहीत धरायचं. आधी खऱ्या टॉवरवरून डोंगलची चूक काढायची, मग डोंगलने माझा कोठीतला टॉवर मोजायचा, आणि लगेच पुन्हा खरा टॉवर मोजायचा. हे तिसरं मोजणं टाळू नका, कारण त्याच खोलीत बसून डोंगलही तापत असतो. मी पहिल्यांदा टाळलं आणि अर्धा दिवस चुकीचे आकडे लिहिले.

पहाटे माझा टॉवर साधारण ९०० हर्ट्झने चुकत होता. दुपारी झाकण लावून पाऊण तासाने साडेआठ किलोहर्ट्झ. म्हणजे दहा लाखांत ९. बोर्ड बनवणाऱ्याने कागदावर लिहिलेला ऑसिलेटर आत बसवलाच नव्हता, हे उघड होतं. त्याचं नाव मी घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, अशा बोर्डांवर नाव नसतंच.

उपाय सरळ होता, फक्त पैशाचा होता. घड्याळ बोर्डाच्या बाहेर न्यायचं. जीपीएसच्या उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. त्यांच्या सिग्नलवर एक चांगला ऑसिलेटर बांधून ठेवणारी पेटी मिळते, ती अचूक १० मेगाहर्ट्झ देते. कंपनीला मागितली. मालकांनी सलग दोन मिनिटं काही म्हटलं नाही, मग पाठवली. गच्चीवर अँटेना लावली, केबल कोठीत नेली. काही फरक नाही! चूक तेवढीच. रात्री अकराला कळलं की सेटिंगमध्ये घड्याळ आतलं की बाहेरचं असा एक शब्द असतो, आणि तो मी बदललाच नव्हता. बोर्ड बिचारा बाहेरच्या घड्याळाकडे पाठ करून बसला होता. शब्द बदलला. डोंगल म्हणाला चूक शून्याच्या आसपास, जेवढं तो सांगू शकतो तेवढ्यात. दुसऱ्या दिवशी भर दुपारी झाकण लावून तीन तास ठेवलं. नेटवर्क हललं नाही. बोर्डाला हात लावता येत नव्हता तो नव्हताच, म्हणून नंतर पत्र्याला आतून टेकवून त्याला एक जाड ॲल्युमिनियमचा तुकडा दिला, पण तो वेगळा विषय.

आता खरं काम. टॉवर माझ्या हातात होता. बंद केला, चालू केला, रेंज कमी केली. स्टार्टर प्रत्येक वेळी सावरला. सोळा तास मी त्याला छळलं. मग सिमची नोंद नेटवर्कच्या यादीतून काढून टाकली आणि पाच मिनिटांनी परत घातली. म्हणजे नेटवर्क एकदा म्हणालं, 'मी तुला ओळखत नाही,' आणि नंतर ओळखायला तयार झालं.

स्टार्टर मेला. दिवा चालू, रेंज पूर्ण, पेटी मख्ख. शेतात पाहिली होती तशी.

जीएसएमच्या नियमातच असं आहे की या कारणाने नकार मिळाला तर मॉडेमने ते सिम बाद समजायचं, बंद करून चालू करेपर्यंत पुन्हा विचारायचंच नाही. मॉडेम मुख्य प्रोसेसरला '३' हा आकडा सांगतो, अर्थ नोंदणी नाकारली. पुढे काय करायचं ते माझ्या फाईलमध्ये. ती उघडली. तिथे मी लिहिलं होतं, ३ आला तर सिम चुकीचं आहे, थांबा. पुण्यातल्या टेबलावर बसून मला वाटलं होतं की नकार म्हणजे कायमचाच नकार. आणि पेटीत बॅटरी दिलेली, लाईन गेली तरी मॉडेम चालू राहावा म्हणून. त्यामुळे तो आपण होऊन कधी बंदही होत नाही.

दुरुस्ती अकरा ओळींची आहे. ३ आला तर दहा मिनिटं थांब, मॉडेमची वीज तोड, परत दे, पुन्हा विचार. मालकांना फोन करून सांगितलं की चूक माझी होती, फाईलमधली ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, विकलेल्या सगळ्या पेट्यांत हे घालायला किती दिवस लागतील ते सांग. आठ महिने लागले, कारण त्या पेट्या दुरून बदलता येत नव्हत्या, प्रत्येक शेतात माणूस गेला. चाळीसेक ठिकाणी मीच गेलो, वरूड, मोर्शी, चांदूर बाजार.

त्या जानेवारीच्या रात्री बाबांच्या पेटीला नेमका हाच नकार मिळाला होता का, हे आता सिद्ध करता येत नाही. वायर मीच काढली होती. बाबांना सगळं सांगितलं, ३ चा आकडा, ती ओळ, सगळं. ते काठी टेकवत गच्चीपर्यंत चढून आले होते, अँटेना बघायला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे त्याले कोणी नाही म्हटलं, आन तो रुसून बसला." मग म्हणाले, "मले रात्री एक डाव फोन करून पाहू दे त्याले."

केला. मोटर सुरू झाली. शेत घरापासून दोन किलोमीटर, आवाज काही येत नाही, फक्त उलट मेसेज येतो. तो त्यांनी मला दोनदा वाचायला लावला.

सध्याची परिस्थिती अशी की गेल्या आठवड्यात वानरांनी गच्चीवरची जीपीएसची केबल ओढून तोडली. पेटी सिग्नल नसतानाही काही काळ अंदाजाने वेळ धरून ठेवते, त्यामुळे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आता केबल लोखंडी पाइपातून घालतोय. पाइप आणायला मोर्शीला जायचं आहे, ऊन उतरलं की निघतो. तुमच्यापैकी कोणी कोठीत असला उद्योग करत असेल, किंवा वानरांवर काही उपाय सापडला असेल, तर जरूर कळवा.